रॅलीतली स्कोडा आणि आपल्या पार्किंगमधली स्कोडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घ्यायच्या आधी ओळखीतली बरीच माणसं मला फोन करतात. बजेट, ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च एवढं बोलून झालं की स्कोडाच्या बाबतीत एक प्रश्न हमखास येतो : "ते माँटे कार्लो, आरएस वगैरे लिहिलेलं असतं, त्यात खरंच काही असतं, की नुसती स्टिकरं?" फोनवर याचं उत्तर दोन मिनिटांत नीट देता येत नाही, आणि अर्धवट दिलं तर समोरचा लाखभर रुपये चुकीच्या जागी घालवतो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्कोडा तर फॅमिली गाडी. तिचा रेसिंगशी काय संबंध?

संबंध इतका जुना आहे की कंपनीनं पहिली मोटार विकली त्याच्या आधीच ती रेसमध्ये उतरलेली होती.

१८९५ साली म्लादा बोलेस्लाव हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. तिथे वात्स्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली, म्हणून त्यानं कंपनीला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं ते असं : आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा, मग बघू. क्लेमेंटनं पुन्हा पत्र लिहिलं नाही. वात्स्लाव लाउरिन या कारागिराला सोबत घेऊन त्यानं स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली आणि त्या सायकलींना नाव दिलं 'स्लाव्हिया'. आज चाकणच्या कारखान्यातून जी सेदान बाहेर पडते, तिचं नाव तेच आहे. भाषेच्या अपमानातून उभा राहिलेला कारखाना ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१८९९ पासून ही जोडी मोटारसायकली बनवू लागली. १९०१ च्या पॅरिस ते बर्लिन रेसमध्ये त्यांची मोटारसायकल धावली. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या दूर्दां इथे वात्स्लाव वोन्द्रिखनं त्यांच्याच मोटारसायकलवर आंतरराष्ट्रीय चषक जिंकला, आणि त्यांची पहिली चारचाकीही त्याच वर्षातली. 'स्कोडा' हे नाव पुष्कळ उशिरा, १९२५ मध्ये प्ल्झेनच्या स्कोडा उद्योगसमूहात विलीन झाल्यावर आलं.

'माँटे कार्लो' म्हणजे नेमकं काय?

माँटे कार्लो ही १९११ पासून चालत आलेली रॅली. जुन्या काळी तिची रीत वेगळी होती. स्पर्धक युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायचे आणि ऐन जानेवारीत बर्फ, चिखल, धुकं तुडवत मोनॅकोला पोचायचे. लांबून आणि अवघड रस्त्यानं येणाऱ्याला मान जास्त, कारण अर्ध्या गाड्या वाटेतच मान टाकायच्या.

१९३६ मध्ये झ्देनेक पोल आणि यारोस्लाव हाउसमन हे दोघं स्कोडाची 'पॉप्युलर स्पोर्ट' घेऊन अथेन्सहून निघाले. समोर ३,८०० किलोमीटरहून जास्त अंतर होतं. बाल्कनमधले त्या काळातले रस्ते म्हणजे पावसाळ्यातली आपली पाणंद समजा. ते पोचले, आणि दीड लिटरपर्यंतच्या गाड्यांच्या वर्गात दुसरे आले. त्या यशावर कंपनीनं 'पॉप्युलर माँटे कार्लो' नावाच्या मोजक्या गाड्या विक्रीला काढल्या.

'पॉप्युलर' ही त्यांची रोजच्या वापराची, मध्यमवर्गीयांसाठी बनवलेली छोटी गाडी होती. मधोमध एकच नळी असलेली हलकी चासी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. याच मॉडेलच्या गाड्या १९३४ मध्ये प्रागहून निघून थेट कलकत्त्यापर्यंत आल्या होत्या. रॅलीसाठी त्यांनी मुळापासून निराळं यंत्र बनवलं नव्हतं. दुकानदार, डॉक्टर, शाळामास्तर जी गाडी चालवायचे, तिचंच रॅलीसाठी बदललेलं रूप पाठवलं होतं. पुढची अनेक दशकं कंपनीनं हाच शिरस्ता पाळला.

पुढे हे नाव विसरलं गेलं. २०११ मध्ये फाबिया या छोट्या गाडीवर ते परत आलं. भारतात २०२२ च्या मे महिन्यात कुशाक या एसयूव्हीची माँटे कार्लो आवृत्ती आली आणि २०२४ मध्ये स्लाव्हियाची.

माँटे कार्लोचं इंजिन जास्त ताकदीचं असतं का?

नाही. कुशाक आणि स्लाव्हियात जी टर्बो पेट्रोल इंजिनं येतात, १.० टीएसआय (११५ पीएस, म्हणजे अश्वशक्ती) आणि १.५ टीएसआय (१५० पीएस), माँटे कार्लोलाही तीच आहेत. सस्पेन्शन तेच, ब्रेकही तेच.

मग जादा पैसे कशाचे?

काळ्या रंगातली ग्रिल आणि बॅजेस, वेगळ्या डिझाइनची अलॉय व्हील्स, आतमध्ये लाल-काळी सजावट, डायलच्या स्क्रीनवर लाल थीम, आणि वरच्या मॉडेलची फीचर्स. डोळ्यांना आनंद देणारी गाडी रोज चालवावी असं वाटत असेल तर ती घ्या, त्यात काही वावगं नाही. रात्री दार उघडल्यावर आतला तो लाल उजेड मलाही आवडतो. पण १.० माँटे कार्लो आणि साध्या रूपातली १.५ अशी निवड करायची वेळ आली आणि तुम्हाला चालवण्यात रस असेल, तर डोळे मिटून १.५ घ्या. लाल शिलाई घाटात ओव्हरटेक करून देत नाही.

एक सूचना. शोरूममध्ये कुणी "ही रॅलीवाली गाडी आहे" असं म्हणालं, तर शांतपणे विचारा की यात यांत्रिक फरक कोणता. प्रामाणिक सेल्समन लगेच सांगतो, "साहेब, लूक्सचा फरक आहे." तशा माणसाकडून गाडी घ्यावी.

आरएस म्हणजे काय? आणि त्याचं एवढं कौतुक का?

आरएस म्हणजे 'रॅली स्पोर्ट'. ही अक्षरं पहिल्यांदा १९७४ मध्ये '१८० आरएस' आणि '२०० आरएस' या रॅलीच्या गाड्यांवर आली. पण नाव झालं ते पुढच्या वर्षीच्या '१३० आरएस'मुळे.

ही गाडी मी म्लादा बोलेस्लावच्या संग्रहालयात जवळून पाहिली. कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीतच ते संग्रहालय आहे, आणि ज्या रस्त्यावर आहे त्याला क्लेमेंटचंच नाव दिलंय. पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे गाडी केवढीशी आहे! आपल्या कमरेच्या थोडं वर तिचं छत येतं. चाकांवरच्या कमानी फुगवून रुंद केलेल्या. इंजिन मागे. ही मुळात '११० आर' नावाची बाजारात मिळणारी दोन दारांची कूपे. वजन उतरवण्यासाठी छत आणि दारांचा पत्रा ॲल्युमिनियमचा केला, बॉनेट आणि पुढची मडगार्डं प्लॅस्टिकची. असं करत गाडी ७२० किलोच्या आसपास आणली. इंजिन जेमतेम १,३०० सीसी, पण रेसट्रॅकच्या रूपात ताकद सुमारे १४० अश्वशक्ती.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. चेकोस्लोव्हाकिया साम्यवादी राजवटीखाली, परकीय चलनाची टंचाई, पाश्चात्त्य कंपन्यांसारखं बजेट स्वप्नातही नाही. जे हाताशी आहे त्यातूनच गाडी उभी करायची. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत वात्स्लाव ब्लाह्ना आणि लुबिस्लाव ह्लाव्का १३० आरएस घेऊन एकंदरीत बारावे आले, आणि १,३०० सीसीच्या वर्गात पहिले. वर्गातला दुसरा क्रमांकही १३० आरएसनंच पटकावला. १९८१ मध्ये याच गाडीनं युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत कंपनीला उत्पादकांचं विजेतेपद मिळवून दिलं, तेही बड्या बड्या नावांच्या नाकावर टिच्चून.

त्या गाडीसमोर मी बराच वेळ उभा होतो. तेव्हा लक्षात आलं की स्कोडाची रेसिंगमधली कमाई 'एकंदरीत पहिला' या शब्दांत नाही, 'वर्गात पहिला' या शब्दांत आहे. छोटं इंजिन, सामान्य माणसाची गाडी, आणि आपल्या वजनगटात कुणाला न हरणारी. फेरारीचा वारसा फेरारी घेणाऱ्याला मिळतो. वर्गात पहिला येण्याचा वारसा मात्र बारा-पंधरा लाखांच्या गाडीत यायला हरकत नाही, कारण तो मुळातच तिथला आहे.

ऑक्टाव्हिया आरएसमध्ये साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खरंच काही वेगळं असतं का?

कोणत्या वर्षीची, यावर अवलंबून आहे, आणि इथे जुन्या गाडीचं गिऱ्हाईक फार फसतं.

युरोपात पहिली रस्त्यावरची ऑक्टाव्हिया आरएस २००० मध्ये आली, १.८ टर्बो आणि १८० अश्वशक्तीची. १९९९ पासून ऑक्टाव्हिया जागतिक रॅली स्पर्धेत धावत होती, त्याचाच तो रस्त्यावरचा अवतार. (२००१ च्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्त्झनं ती तिसरी आणली. सफारी म्हणजे केनियातली धूळ, दगड आणि मध्येच आडवी येणारी जनावरं. ऑक्टाव्हियाला तिथे मिळालेला तिसरा क्रमांक मला युरोपातल्या एखाद्या डांबरी विजयापेक्षा मोठा वाटतो.) भारतात मात्र ती गाडी आली तेव्हा इंजिन १५० पीएसचं होतं. पुढे २०११ मध्ये लॉरा आरएस आली (लॉरा म्हणजे ऑक्टाव्हियाचीच पुढची पिढी, भारतात या नावानं विकलेली), तिला तर साध्या लॉराचंच १.८ टीएसआय, १६० पीएस इंजिन होतं. गाडी छानच, सहा गिअरचा मॅन्युअल, पण 'आरएस म्हणजे जास्त ताकद' हे तिथे लागू नव्हतं.

खरी आरएस भारतात २०१७ मध्ये आली, २३० पीएसची. मग २०२० मध्ये २४५ पीएसची, फक्त २०० गाड्या. २०२५ मध्ये २६५ पीएसची, अवघ्या १००. या गाड्यांत फरक हाडामांसाचा आहे. सस्पेन्शन खाली आणलेलं, सीट अंगाला धरून ठेवणारी, ब्रेक मोठे. २४५ मध्ये पुढच्या चाकांमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डिफरन्शियल लॉक आहे. त्याचा उपयोग असा : वळणात ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरू लागतं, ताकद वाया जाते आणि गाडी बाहेर सरकते. हा लॉक ती ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतो, आणि गाडीचं नाक वळणाच्या आत ओढलं जातं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी रॅलीवाले ही गोष्ट अनेक दशकं वापरत आलेत.

ऑक्टाव्हिया हे नावही जुनंच आहे. १९६१ च्या माँटे कार्लोत एस्को केइनानेन या फिनिश चालकानं त्या काळची ऑक्टाव्हिया एकंदरीत सहावी आणली होती.

रॅलीत जिंकणारी फाबिया आणि शोरूममधली फाबिया एकच का?

नाव, चेहरा आणि मूळ सांगाडा एक. बाकी जवळजवळ सगळं वेगळं.

फाबिया रॅली-२ मध्ये १.६ लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, पाच गिअरचा सीक्वेन्शियल गिअरबॉक्स (लिव्हर मागे ओढला की वरचा गिअर, पुढे ढकलला की खालचा), आणि नियमानुसार किमान वजन १,२३० किलो. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा. हँडब्रेकचा उभा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी, बोटाच्या अंतरावर, कारण तीव्र वळणात मागची चाकं क्षणभर बांधून गाडी फिरवायची असते. शोरूममधली फाबिया मात्र नुसती पुढची चाकं ओढते आणि मुलांना शाळेत सोडते.

तरी तो सांगाडा एक असणं महत्त्वाचं आहे. या प्रकारच्या रॅलीत कारखान्यात बनलेल्या बॉडीपासूनच सुरुवात करावी लागते. बॉडी पिळवटत असेल, सस्पेन्शन जिथे जोडलं जातं त्या जागा कच्च्या असतील, तर वरून कितीही महाग सामान लावा, गाडी सरळ चालत नाही. फाबियानं त्या जोरावर काय काय मिळवलं? २०१६ ला एसापेक्का लाप्पी, २०१७ ला पोंटस टिडेमांड, २०१८ ला यान कोपेत्स्की, २०२३ ला आंद्रेआस मिकेल्सेन, हे सगळे फाबियावर डब्ल्यूआरसी-२ चे, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेतल्या दुसऱ्या पायरीचे, विजेते. जगभरातल्या खासगी संघांना ही तयार गाडी विकली जाते. दारात उभ्या असलेल्या गाडीचा सांगाडा पक्का असेल तरच रॅलीतली गाडी पक्की होते. लोक नेहमी उलटं समजतात.

टीएसआय इंजिन रॅलीतून आलंय का?

नाही. ही फोक्सवॅगन समूहाची इंजिनं आहेत. १९९१ पासून स्कोडा त्या समूहात आहे आणि इंजिनं, गिअरबॉक्स, प्लॅटफॉर्म हे सगळं वाटून घेतलं जातं. कुशाक आणि स्लाव्हिया ज्या प्लॅटफॉर्मवर आहेत तो भारतासाठी बदलून घेतलेला आहे, आणि फोक्सवॅगनची टायगुन नि व्हर्टसही त्यावरच बनतात. टर्बो लावलेलं छोटं इंजिन रॅलीतही असतं आणि तुमच्या गाडीतही, हे साम्य खरं. पण तुमच्या गाडीत ते आलं ते इंधन वाचवण्यासाठी आणि प्रदूषणाच्या नियमांसाठी.

मग रॅलीतून आपल्या गाडीत खरंच येतं तरी काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. सुटा पार्ट काढून दाखवता येईल असं फार थोडं येतं. येते ती माणसांची सवय. एकाच गावात, पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बनवणाऱ्या लोकांना खराब रस्त्यावर गाडी कशी वागली पाहिजे याची एक पक्की कल्पना असते.

फेव्हरिटचं उदाहरण घ्या. १,३०० सीसीची, पुढची चाकं ओढणारी, अगदी साधी गाडी. ती ग्रुप-ए नियमांखाली धावायची, आणि त्या नियमांत बाजारातल्या गाडीपासून फार लांब जाता येत नसे. म्हणजे रॅलीत जे तुटलं ते ग्राहकाच्या गाडीतही कच्चं आहे हे कारखान्याला लगेच कळायचं. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं तिनं माँटे कार्लोत आपला वर्ग जिंकला, आणि १९९४ मध्ये दोन लिटरपर्यंतच्या गाड्यांचा जागतिक चषक मिळवला. तेराशे सीसीच्या गाडीनं, दोन लिटरवाल्यांच्या स्पर्धेत!

माझ्या वडिलांनी घेतलेली पहिली ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय होती, ९० अश्वशक्तीची. कागदावर काहीच नाही. जुलैमध्ये ताम्हिणीतून कोकणात उतरताना मी शेजारी बसायचो. वळणाच्या ऐन मध्यावर डांबर उखडलेलं असायचं, वरून पाणी वाहत असायचं. तिथे बहुतेक गाड्या दोन-तीनदा डुलतात आणि चालवणारा स्टिअरिंग दुरुस्त करत बसतो. ही गाडी एकदा खाली बसायची, एकदा वर यायची, आणि स्थिर. बाबांचे हात स्टिअरिंगवर हलायचेही नाहीत. मागच्या सीटवर आई झोपलेली असायची, ती झोपलेलीच राहायची. पुढे शॉक ॲब्सॉर्बर आणि डॅम्पिंग म्हणजे काय ते शिकलो तेव्हा कळलं, की मी लहानपणी पाहिलं ते हेच होतं. चाक खड्ड्यात गेलं की उसळी मारून वर न येता लगेच जमिनीला चिकटलं पाहिजे. जे चाक हवेत आहे ते वळवतही नाही आणि थांबवतही नाही. रॅलीवाला याच गोष्टीसाठी जिवाचं रान करतो.

आजच्या कुशाकमध्ये आणि स्लाव्हियात हे आहे का? माझ्या मते आहे. शहरात हळू चालवताना ही सस्पेन्शनं जराशी कडक लागतात, स्पीडब्रेकरवर मागच्या माणसाला जाणवतं. पण ऐंशीच्या पुढे, खराब हायवेवर, त्या कडकपणाचा अर्थ कळतो. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती मारू नका. गाडी खराब रस्त्यावर न्या, चार माणसं बसवून.

ग्राउंड क्लिअरन्सचं काय? रॅलीची गाडी तर उंच असते.

डांबरी रॅलीत खाली बसवतात, मातीच्या रॅलीत उंच करतात. आपल्याकडे कुशाकला १८८ मिलिमीटर आणि स्लाव्हियाला १७९ मिलिमीटर आहे. सोसायटीच्या रॅम्पला पुरेसं आहे.

स्कोडा आणि भारतीय रॅली यांचा काही संबंध आहे का?

अभिमान वाटावा असा आहे. दिल्लीचा गौरव गिल मद्रासच्या एमआरएफ संघाकडून स्कोडा फाबियावर धावला आणि २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धेचा विजेता झाला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर २०१६ आणि २०१७ मध्येही फाबियावरच. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि मोटारस्पोर्टमधल्या माणसाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की चाकणला २००९ मध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा तिथे बनलेली पहिली गाडी फाबियाच होती. आणि गिलनं फाबियावर आशिया जिंकला त्याच सुमारास ती भारतात बंद झाली. त्या गाडीच्या मालकांपैकी किती जणांना हा विजय कळला असेल? पहिल्या पानावर तो कधी आला नाही. आजही एखादी जुनी फाबिया सिग्नलला दिसली की काच खाली करून त्या मालकाला हे सांगावंसं वाटतं.

रॅली सोडून दुसऱ्या रेसिंगमध्ये?

१९५० मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एक गाडी उतरवली होती. बोबेक आणि नेतुशिल चालवत होते, वर्गात वरच्या क्रमांकावर होते, पण बिघाडानं बाहेर पडावं लागलं. आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर तयार केलेली ऑक्टाव्हिया आरएस ताशी ३६५ किलोमीटरला पोचली. रोजच्या गाडीवर या दोन्हींचा परिणाम मला दिसत नाही.

साध्या गाडीला रीमॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं), लोअरिंग स्प्रिंग लावून आरएससारखी करता येईल का?

मी केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो, नका करू. माझ्या आधीच्या गाडीला एका गॅरेजनं रीमॅप आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज लावून दिल्या. शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच ठेवले. पहिले दोन आठवडे मजा आली. मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात मागून 'ठक्' असा आवाज, कारण सस्पेन्शनला हलायला जागाच उरली नव्हती. चौथ्या महिन्यात क्लच घसरायला लागला. इंजिन वाढलेला टॉर्क देत होतं, क्लच जुन्या टॉर्कसाठी होता. दुरुस्तीचे पैसे रीमॅपच्या दुपटीहून जास्त गेले आणि वॉरंटी तर पहिल्याच दिवशी गेली होती. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नेमकं तेच शोधतात.

तोच पैसा चांगल्या टायरवर आणि ब्रेक पॅडवर घाला. गाडीचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार जागांपुरता असतो. रॅलीचा मेकॅनिक सकाळी सगळ्यात आधी टायरच बघतो.

जुनी आरएस घ्यावी का?

घ्यावी, पण घाई न करता. डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललंय का, याची बिलं मागा. तोंडी खात्री चालत नाही. थंड इंजिन स्वतःच्या कानांनी सुरू होताना ऐका. मालकानं तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. आणि आरएसचा बॅज बाजारात सुटा विकत मिळतो, म्हणून आरसी बुकातलं मॉडेल वाचा.

मला स्वतःला रॅलीत भाग घ्यायचा असेल तर आरएस लागेल का?

अजिबात नाही. बंद केलेल्या रस्त्यावर वेगानं धावायचं असेल तर मोटारस्पोर्ट महासंघाचा परवाना, रोल केज, हेल्मेट, आगरोधक कपडे असा मोठा पसारा आहे. पण टीएसडी प्रकारची रॅली दारातल्या गाडीनं करता येते. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचं गणित. हातात एक रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं बाणासारखं छोटं चित्र असतं, आणि अमुक अंतर सरासरी ताशी छत्तीसनं, पुढचं बेचाळीसनं असं सांगितलेलं असतं. रस्ता सगळ्यांसाठी खुला, वाहतुकीचे नियम पाळायचे. वाटेत तपासणीची ठाणी कुठे आहेत ते सांगत नाहीत. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड.

माझी पहिली टीएसडी मी धाकट्या बहिणीसोबत केली. गाडी साधी १.० स्लाव्हिया. ती शेजारी रोडबुक मांडीवर घेऊन, मोबाइलचा स्टॉपवॉच हातात, दातांत पेन्सिल. पहिल्या तासात मी वेगात होतो आणि ती माझ्यावर ओरडत होती. दुसऱ्या तासात एका वाडीतून जाताना समोर बैलगाडी आली. मी थांबलो, ती जाईपर्यंत दोघंही गप्प. मग तिनं आकडेमोड केली आणि म्हणाली, "दादा, बावीस सेकंद उशीर झालाय. पुढच्या चार किलोमीटरमध्ये भरून काढ, पण एकदम नको, थोडं थोडं." पुढचं ठाणं आलं तेव्हा आम्ही दोन सेकंद लवकर होतो.